डाव्या मुठीचे रीळ

माझा चुलतभाऊ पोपट याचा मुलगा अभिजित हा मासेमारीच्या सामानाची माहिती देणारे व्हिडिओ करतो. गेल्या महिन्यात सकाळच्या चहाच्या वेळी माझ्या सुनेने असाच एक व्हिडिओ माझ्यापुढे धरला. विषय होता, स्वस्तातले बेटकास्टिंग रीळ, म्हणजे काठीवर बसवून गळाचा दोरा गुंडाळायचे यंत्र, कोणते घ्यावे. अभिजित कृष्णेच्या काठावर उभा राहून चार-पाच रिळे क्रमाने दाखवीत होता, कशाचा ब्रेक चुंबकाचा, कशाचे अंग हलके, हे नीट सांगत होता, आणि मी कौतुकाने ऐकत होतो. मग तो हसत म्हणाला, “आता एक गंमत सांगतो. आमच्या एका काकांना लहानपणी साताऱ्याच्या दुकानदारानं उलट्या मुठीचं रीळ गळ्यात मारलं होतं. माझे वडील सोबत होते म्हणून निदान चालू रीळ तरी घरी आलं. आणि त्या रिळानं आमचे चुलत आजोबा नदीत ओढले गेले, तर त्यांनाबी माझ्याच वडिलांनी बाहेर काढलं.” माझा चहा बशीत सांडला. सत्तरी जवळ आलेल्या माणसाला धक्का बसण्यासारख्या गोष्टी उरत नाहीत असे मी समजत होतो. त्या तीन-चार वाक्यांत माझ्या पोरवयातला सर्वांत मोठा दिवस मी दुसऱ्याच्या नावावर चढलेला पाहिला.

पोपट खोटारडा नाही, हे मी प्रारंभीच नोंदवतो. तो माझ्याहून थोडा मोठा, उमद्या मनाचा, आणि ज्या गोष्टीच्या जवळपास तो उभा होता ती त्यानेच केली असे मनापासून मानणारा माणूस आहे. परंतु जवळपास उभे राहणे आणि ती गोष्ट करणे यांत अंतर असते. ते अंतर किती होते, ते या प्रकरणात मी सांगणार आहे. कोणाला राग आला तर येऊ द्यावा.

आमचे गाव पलूसच्या बाजूला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. घरात माणसे मोजकीच. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते फौजेत हवालदार. त्यांचे थोरले भाऊ लवकर गेले, म्हणून थोरली काकू आणि तिचा पोपट आमच्यातच. स्वयंपाकघर काकूचे, गोठा आणि रान आईचे, अशी वाटणी कोणी न करता झालेली होती. पहाटे कडबा तोडण्याच्या आवाजाने आम्ही जागे व्हायचो आणि पाठोपाठ काकूच्या भाकरीची थाप ऐकू यायची. हळद शिजवण्याच्या दिवसांत सगळ्या घराला, अंथरुणांनासुद्धा, एक कडवट गोड वास लागे. सांगलीच्या बाजारात हळद विकून येताना आई भडंगाचा पुडा आणायची. तो आम्ही दोघे पोरे कच्चा कांदा चिरून ओट्यावर बसून संपवायचो. आबा सुटीवर आले की घराचा आवाज बदलत असे. त्यांना हळू बोलता येत नसे. भाजीत मीठ कमी पडले तर ती तक्रार शेजारच्या आळीत ऐकू जाई, आणि काकूही चुलीपासून तितक्याच वरच्या पट्टीत उत्तर देई. सुटीतला त्यांचा अर्धा दिवस नदीवर जायचा. जाड दोरी, तिला गळ, गळाला जिवंत बेडूक, आणि डोहाच्या कडेला मरळीची वाट. मरळ म्हणजे आमच्या नदीतला डाकू. शेवाळाखाली दबा धरून बसतो आणि वरून काही हलले की फोडून काढतो. आबा ती दोरी बोटांत खेळवत पोपटला आणि मला सांगायचे, “मासा डोळ्यानं दिसत न्हाई रं, बोटानं दिसतोय.”

त्याच बोटांवर घाला पडला. उंचावरच्या एका चौकीवर ते बर्फाच्या वादळात अडकले. घरी आले तेव्हा उजव्या हाताची चारही बोटे मुळापासून गेलेली होती. अंगठा तेवढा शाबूत होता. “मुठीच्या आत दडला हुता, म्हणून वाचला,” एवढेच त्यांनी सांगितले. मी त्या हाताकडे बघत राहिलो. तो धक्का कसा होता हे आजही मला नीट सांगता येत नाही. ज्या हाताने मला खांद्यावर उचलले होते तो हात एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या वस्तूसारखा दिसत होता.

पहिल्या दिवशी ते आमच्या पंगतीत बसले. गड्यांसह आम्ही सगळे होतो. त्यांनी ताटाकडे डावा हात नेला. आमच्याकडे डाव्या हाताने जेवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. काकू आमटी वाढत होती. तिची पळी हवेत क्षणभर थांबली. तिने तोंड वाकडे केले नाही. पळी थांबली, एवढेच झाले. आबा उठले. त्या दिवसापासून त्यांचे ताट आतल्या खोलीत जाऊ लागले आणि दार ओढून घेतले जाऊ लागले. त्यानंतर त्यांनी मिठाबद्दल चकार शब्द काढला नाही. जे वाढले ते खाल्ले. काकू दाराबाहेर रिकाम्या ताटाची वाट बघत उभी असायची आणि ताट घेऊन मुकाट्याने परत जायची. एकदा ते एकटे नदीवर जाऊन आले, आणि आल्यावर त्यांनी ती जाड दोरी चुलीत घातली. ती जळताना मी पाहिली. पोपटने पाहिली नाही. तो तेव्हा तालमीत होता. म्हणून रिळाची गोष्ट त्याला रिळापासून सुरू झालेली वाटते. ती त्या चुलीपासून सुरू झाली.

माझे मामा साताऱ्यात राहत. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी शिकारीचे आणि मासेमारीचे सामान विकणारे एक जुने दुकान होते. बदलून जाणारे फौजी अधिकारी जाताना आपले सामान तिथे विकून जात. तिथे रिळे मिळतात हे मला ठाऊक होते. आईला मी सगळे सांगितले. तिने हळदीचे राखून ठेवलेले पैसे पदरातून सोडून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, “त्यास्नी इचारू नगंस. आणून ठिव फकस्त.” पोपट सोबत आला, हे खरे. एसटीत त्याने खिडकी पकडली, हेही खरे. साताऱ्यात उतरल्यावर त्याला भज्यांचा वास आला आणि तो गाड्यापाशी थांबला. मी दुकानात गेलो. दुकानात मी एकटा होतो.

दुकानदार वयस्कर, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. पैसे थोडे आहेत हे मी आधीच सांगून टाकले. त्यांनी प्रथम काठीखाली लटकणारे साधे रीळ पुढे केले. ते सर्वांत स्वस्त आणि नवशिक्याला सोपे. मी खिशातला रुमाल काढला, उजव्या हाताची चारही बोटे तळव्यावर दुमडली आणि दातांनी गाठ मारून ती घट्ट बांधून टाकली. फक्त अंगठा बाहेर ठेवला.

“अरे, हे काय करतोयस?” दुकानदार उभेच राहिले.

“काका, ह्या हातानं जमलं तरच घ्यायचंय.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.  लटकणारे रीळ बाद झाले, कारण त्याचा दोरा पहिल्या बोटाने उचलून धरावा लागतो, आणि आबांना पहिले बोट नव्हते. मग त्यांनी काठीवर बसणारी, आडव्या नळकांड्याची रिळे काढली. विहिरीवरचा रहाट लहान करून हातात दिल्यासारखी त्यांची घडण. दोरा सुटताना नळकांडे स्वतः गरगरते, आणि त्याला आवर घालतो तो एकटा अंगठा.  अंगठा! आख्खे यंत्र अंगठ्याच्या स्वाधीन! पण पहिल्या दोन्ही रिळांची फिरवायची मूठ उजवीकडे होती. बोटे नसलेला हात ती मूठ धरणार कसा? मी ती परत सरकवली.

“डावीकडं मूठ असलेलं न्हाई का?”

“डावखुऱ्याचं?” त्यांनी खालच्या खणातून धुळकट खोका काढला. “एक साहेब विकून गेले. पडून आहे. कुणी हात लावत नाही म्हणून किमतीत पाडलंय. तू नीट विचार कर बाबा, परत घेणार नाही.”

एका कडेला पोचा पडलेला, रंग उडालेला तो नग मी बांधलेल्या तळव्यावर ठेवला. अंगठा आपसूक नळकांड्यावर पडला. ओढावा लागला नाही, ताणावा लागला नाही. डाव्या हाताने मूठ फिरवली. कानाशी नेऊन ऐकले. खरखर नव्हती. नळकांडे दोन्ही बाजूंना हलवून पाहिले. सैल नव्हते. पोचा दिसायला वाईट होता, पण फिरण्याच्या आड येत नव्हता. परवडणारी वस्तू निवडताना जे पाहायचे असते ते सगळे मी पाहिले. आजही अभिजितने किंवा कोणीही विचारले तर मी हेच सांगेन, की खोक्यावर काय छापले आहे ते नंतर वाच, आधी अंगठा कुठे पडतो ते बघ. मी रुमाल सोडून पैसे देत होतो तेव्हा भज्यांचा तेलकट कागद हातात घेऊन पोपट आत आला आणि म्हणाला, “आयला, उलटं दिलं की तुला गड्या!” निवडीतला त्याचा वाटा एवढा, आणि तो मी त्याला पूर्णपणे देतो.

घरी आल्यावर मी रीळ एका वेळूच्या काठीला बसवून आबांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले.  नवरात्र चालू होते. दाराच्या फटीतून कधी तरी नळकांडे फिरल्याचा बारीक आवाज येई आणि लगेच थांबे. आई आणि मी एकमेकांकडे बघत नसू. मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी कोयते, विळे, खुरपी, नांगराचा फाळ, जे जे लोखंडाचे ते घासून, तेल लावून, हळदकुंकू वाहून पुजले जाई. काकूने आबांच्या खोलीतून रीळ उचलून आणले. ते तिला शस्त्रच वाटले असावे. तिने ते पाटावर कोयत्याशेजारी मांडले, आणि फाळाला लावतात तसे बोटभर नव्हे, तर पळीने शेंगदाण्याचे तेल त्याच्या प्रत्येक फटीत घातले. नळकांडे फिरवून फिरवून घातले. वर हळद, वर कुंकू, वर झेंडूचे फूल. दुपारी पाहिले आणि मी हादरलो. रिळाच्या पोटात दोरा जास्त वेगाने सुटू नये म्हणून लहानसा ब्रेक असतो, आणि मासा ओढू लागला की ताण धरणाऱ्या चकत्या असतात. त्या कोरड्या किंवा बेताच्या असाव्या लागतात. तिथे आता तेल गळत होते.

“काकू, हे काय केलंस?”

“काय केलं म्हंजे? भावजींची वस्तू हाय. तिला कोरडी ठेवू व्हय?”

 मला उघडून पुसता येईना, कारण उघडायचे कसे ते माहीत नव्हते. पंगतीत थांबलेल्या त्या पळीबद्दल तिच्या मनात काय होते ते तिने कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः काठी घेऊन खोलीबाहेर आले आणि आम्हा दोघांना म्हणाले, “चला.” आम्ही त्यांच्यामागे निघालो. नदी उतरलेली होती, पाणी निवळले होते, डोहाच्या कडेला शेवाळाचे गालिचे पडले होते. गळाला बेडूक लावून आबांनी डाव्या हाताने काठीचे बूड धरले, उजव्या तळव्यावर रीळ पेलले, अंगठा दाबला आणि फेक केली. अंगठा सुटताच रिळातून आलेला तो आवाज मी विसरलेलो नाही. गांधीलमाशांचे पोळे फुटावे तसे नळकांडे सुसाट सुटले, तेलाचे थेंब आणि कुंकू आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाले, आणि बेडूक जवळच पडला असताना मागे दोऱ्याचा भला मोठा गुंता उसळून वर आला.

“घरटं झालं,” पोपट म्हणाला. “आता अंडी घालतंय का बगू.”

मी त्याला कोपर मारले. आबा खाली बसले. रीळ मांडीवर घेऊन डाव्या हाताच्या बोटांनी आणि उजव्या अंगठ्याने गुंता सोडवू लागले. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटले, आता हेही चुलीत जाणार. शेवटचा फास सुटल्यावर त्यांनी अंगठा नाकाशी नेला.

“त्याल कुनी घातलं रं?”

“काकूनं. पूजंला.”

ते नळकांड्याकडे बघत राहिले. “बंदुकीला त्याल पुसायचं असतं. पाजायचं नसतं,” ते म्हणाले. परत आल्यापासून बंदूक हा शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच निघाला होता. मग उभे राहत म्हणाले, “ब्रेक मेलाय. ऱ्हाऊ दे. मी हाय न्हवं.”

दुसरी फेक आखूड गेली, तिसरी वाकडी. मग अंगठा त्या तेलाला ओळखू लागला. केव्हा सोडायचे, केव्हा नुसते टेकायचे, केव्हा दाबायचे. बेडूक शेवाळाच्या अगदी कडेला जाऊन आवाज न करता पडला, आणि त्याच क्षणी पाणी फुटले. काठी वाकली. चकत्या तेलात निसटू लागल्या आणि दोरा धो धो सुटला. मूठ फिरवून काही उपयोग नव्हता. आबांनी काठी बगलेत दाबली आणि अंगठा सरळ धावत्या दोऱ्यावर दाबून धरला. मला कातडी भाजल्याचा वास आला. हा वास पोपटला आठवत नाही, पण मला येतो, आजही, लिहिताना.

“आबा, सोडा! अंगठा जाईल!” मी ओरडलो. त्या हातावर दुसरे काही उरलेच नव्हते.

“त्योच तर कामाचा हाय!” ते गरजले. होय, गरजले. तो जुना आवाज होता.

मासा पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडाकडे पळत होता. तिथे दोरा अडकला असता. आबा पाण्यात उतरले. मी पुन्हा लिहितो, उतरले. ओढले गेले नाहीत, पाय घसरला नाही, कोणी पडले नाही. आधी गुडघाभर, मग कमरेभर, मग छातीभर पाण्यात ते काठी उंच धरून तिरपे चालत गेले, खोड आणि मासा यांच्या मधे जाऊन उभे राहिले. पोपट घाबरून त्यांच्यामागे धावला आणि त्याने सदरा धरला. तोच त्याचा तो वाचवल्याचा प्रसंग. “सोड माझा सदरा, मागं व्हा दोगंबी!” हे आबांचे शब्द होते. वाचवल्या जाणाऱ्या माणसाने असे शब्द वापरल्याचे मी ऐकलेले नाही. मासा वळला. आबांनी डाव्या हाताने मूठ फिरवत, अंगठ्याने ताण देत, एक एक पाऊल मागे येत तो काठावर आणला.  पोपट रडत होता, आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मरळीचे वजन किती होते यावर गावात आजतागायत वाद चालतो. त्या वादात मला रस नाही.

अंगठ्याची वरची कातडी गेली होती. आईने तुपात कालवलेली हळद लावून फडके बांधले. काकूने मरळीच्या तुकड्या केल्या, कांदा-लसणाच्या चटणीत मुरवल्या, सुके खोबरे भाजून वाटण केले.  पंगत बसली. मी, पोपट, दोघे गडी. काकूने सवयीप्रमाणे आबांचे ताट वेगळे वाढून खोलीकडे नेण्यासाठी उचलले, तेवढ्यात खोलीचे दार आतून उघडले. आबा कपडे बदलून, केस ओले, तसे बाहेर आले. पंगतीत माझ्या आणि पोपटच्या मधली जागा त्यांनी पायाने दाखवली. आम्ही सरकलो. ते बसले. ताट हातात धरून काकू जागच्या जागी उभी होती.

“हितं ठिवा, वयनी.”

तिने ठेवले. आबांनी भाकरी डाव्या हाताने मोडली. रश्श्यात बुडवली. सगळ्यांसमोर, गड्यांसमोर, तोंडात घातली. माझा घास माझ्या हातातच राहिला. वर बघायची हिंमत कोणाचीच नव्हती. मला फक्त काकूच्या पायांची बोटे दिसत होती, आणि ती जमिनीत रुतवल्यासारखी वळली होती. आबांनी घास चावला, गिळला, मान वर केली आणि शेजारच्या आळीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“वयनी! मीठ कमी हाय!”

 आईने तोंडाला पदर लावला. काकू चुलीकडे वळली, आणि वळता वळता जुन्या पट्टीत म्हणाली, “जीभ माशानं न्हेली न्हाई म्हंजे भावजींची!” पण तिचा आवाज मधेच फाटला. तिने मिठाची वाटी आणून त्यांच्या ताटाशी ठेवली आणि तिथेच, पंगतीसमोर, खाली बसून राहिली.

व्हिडिओ पाहून मी अभिजितला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, व्हिडिओत दुरुस्ती टाकतो, तुमचं म्हणणं सांगा.” मी त्याला रीळ कोणी निवडले आणि पाण्यात कोण कसे गेले हे सांगितले. बाकीचे इथे लिहिले आहे. या हकिगतीत जवळपास प्रत्येकाच्या सांगण्याशी माझा मतभेद आहे, तेव्हा शेवटचा मतभेदही नोंदवून ठेवतो. तो माझ्या वडिलांशी आहे. मी त्यांच्याशेजारी बसलो होतो आणि त्याच पातेल्यातले जेवत होतो. मीठ कमी नव्हते. अगदी बरोबर होते.